माझं नाव घातलेला डबा

डब्यावर माझं नाव आहे. लग्नात मामाने दिलेला स्टीलचा डबा, वर कडी, आणि झाकण इतकं घट्ट की उघडताना तो पोटाशी धरावा लागतो. त्या काळी भांड्यांवर नाव घालून घ्यायची रीत होती. दुकानाच्या पायरीवर एक माणूस छोटं यंत्र घेऊन बसे आणि टिंबाटिंबांनी अक्षरं उमटवून देई. मामाने माझंच नाव घातलं. बायकोचं घालता आलं नाही, कारण तिचं सासरचं नाव अजून ठरायचं होतं.

गेली तीन वर्षं हा डबा बहुतेक काळ आमच्या घरात नव्हता, हे मला ती गेल्यावर कळलं. आपल्या नावाचं भांडं फळीवरून उठून राज्याच्या दुसऱ्या टोकाला जातं, परत येतं, पुन्हा जातं, आणि आपण शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत बसलेले असतो. मला खरं तर तिच्या जाण्याविषयी लिहायचं होतं. चार वेळा सुरुवात केली. दर वेळी कागदावर दुःखाऐवजी दुसरंच काही उतरतं, आणि ते खोडून टाकावं असं आता वाटत नाही.

आमचं घर चौलला, वाडीच्या कडेला. नारळ-सुपारीची थोडी झाडं आणि मागे भाताचा एक तुकडा. मी शेजारच्या गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवलं आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. ती आतल्या गावातली, भातशेतीच्या घरातली. सातवीपर्यंत शिकलेली. भात कापून झालं की जमिनीत जी ओल राहते, त्या ओलीवर ती वाल पेरायची. आमच्याकडचे कडवे वाल, दाण्याने बारीक. ते झोडून, वाळवून, चुलीतली राख चोळून मडक्यात भरून ठेवायचे. राखेने कीड लागत नाही. वर्षभराचे घरी ठेवून बाकीचे नात्यात वाटले जात. ते विकायचे असतात हे आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी पंचायतीच्या सभागृहात बचत गटाच्या बायकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. घरबसल्या ऑनलाइन विक्री कशी करायची, असा विषय. पनवेलहून एक बाई आल्या होत्या. ही पहिल्या दिवशी शेजारणीला सोबत म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून लवकर आवरून गेली.

संध्याकाळी मला म्हणाली, "घरात बसून दुकान काढता येतं म्हणे. फोनवर."

"काय विकणार तू?"

"वाल."

"वाल कोण मागवतं? बाजारात ढीग लागलेले असतात."

"बाजारात गोडे असतात. कडू कोण विकतो?"

मी मान हलवली आणि पानावर परत आलो. त्या बाईंनी सांगितलं होतं की फोटो खिडकीच्या उजेडात आणि पांढऱ्या कपड्यावर काढायचा. घरात डाग नसलेला पांढरा कपडा म्हणजे माझा निरोपसमारंभाचा सदरा. तो टेबलावर पसरून तिने त्यावर वाल ओतले. सदऱ्याला राख लागली ती पुढे निघाली नाही. मी रागावलो, तेव्हा म्हणाली, "आता कुठं घालून जायचाय तो?"

वस्तूची माहिती मात्र मी लिहून दिली. तेवढं माझं काम होतं. ती वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'रायगडच्या सागरी पट्ट्यात पारंपरिक पद्धतीने पिकवलेले, पौष्टिक व रुचकर कडवे वाल. नैसर्गिक रीतीने साठवण.' महिना गेला, एकही मागणी आली नाही. तिने मला काही म्हटलं नाही. एक दिवस ओसरीवर बसून तिने फोन तोंडाजवळ धरला. बोललं की तो लिहितो, हे ती सभागृहात शिकून आली होती. ती फोनला म्हणाली, "वाल आमच्या शेतातले हायत. बारीक हायत आन कडू हायत. वरनं राख लावलेली हाय, घाण न्हाय, धुतली की जाते. भिजवायला, मोड आणायला आन सोलायला धरून तीन दिवस लागतात. धीर नसंल तर मागवू नका."

मी म्हटलं, "अगं, असं लिहून कोण घेईल?"

आठवड्यात पहिली मागणी आली, मग दुसरी. पावसाळ्याच्या तोंडाला मडकं तळाला आलं. लोक तिला लिहीत, ताई, तुमचं वाचून आजीची आठवण आली. मी आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला शिकवलं, आणि माझ्या बायकोने फोनशी बोलून लिहिलेली पाच वाक्यं वाचून परक्या गावातली माणसं रडत होती. आनंद झाला असं मी तिला सांगितलं. तो पूर्ण खरा नव्हता. आत कुठे तरी खुपलं होतं. माझं लिहिलेलं तिने पुसून टाकलं होतं, आणि ते पुसलं म्हणूनच दुकान चाललं होतं.

वाल पाठवायला तिने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. एकदा पिशव्या संपल्या असताना अमरावतीहून मागणी आली. तिने फळीवरचा डबा काढला, वाल भरले, कापडात बांधला आणि कुरियरवाल्याकडे दिला. मुलगा तेव्हा घरी आला होता. तो पोट धरून हसला.

"आई, डबा दिलास? कुरियरने डबा परत येत नसतो. ते गिऱ्हाईक आहे, शेजारीण नव्हे."

"माणसाकडंच गेलाय ना. येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर तुझ्या बापाचं नाव अमरावतीला राहील."

हे बोलणं मी ऐकलं होतं आणि विसरून गेलो होतो. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. आत काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. पण ही पद्धत दोन घरांच्या मधल्या दगडी गडग्यापुरती. तिने ती कुरियरवर लादली. तिने पाचशे पुस्तकं वाचली असती तर तिच्याकडून अशी चूक झाली नसती.

दर शनिवारी दुपारी ती मागच्या पडवीत वाल सोलायला बसे. हे काम ज्यांनी केलं आहे त्यांना सांगायला नको. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून सोडवायचा. वेळखाऊ काम, एकट्याने करायचं नव्हे. पूर्वी तिची जाऊ यायची, नंतर ती मुलाकडे ठाण्याला गेली. मग ही फोन पाटाशेजारी ठेवून बोलत बसू लागली. मी समजून चाललो की पेणच्या बहिणीशी बोलते. तिचं हसणं माजघर ओलांडून माझ्यापर्यंत यायचं. एकदा मी उठून मधलं दार लावून घेतलं. मी लावताना तिने मान वर करून पाहिलं आणि फोनचा आवाज कमी केला. पुढे दर शनिवारी बसण्याआधी ती स्वतःच ते दार लावून घेऊ लागली.

मागच्या आश्विनात तिला ताप आला. शेतात भात उभं होतं. अलिबागच्या दवाखान्यात तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी मी तिच्याशिवाय परत आलो. याहून जास्त मला त्याविषयी लिहिता येत नाही.

सुतकात शेजारपाजारच्या घरांतून जेवण येत होतं. शेजारीण आमटीभाताची भांडी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी ती परत न्यायला आली, तेव्हा मी भांडी घासून त्यात साखर घालून ठेवली होती. सवय तिची, हात माझे.

शेजारणीने झाकण उघडून पाहिलं. "सर, हे काय?"

"रिकामं कसं देणार?"

"सुतकाच्या घरातनं भांडं भरून देत न्हाईत. रिकामंच द्यायचं असतं." तिने साखर आमच्या साखरेच्या बरणीत परत ओतली. मग हळू म्हणाली, "तुम्हाला कसं म्हाईत असणार. तुम्ही कधी कुणाचं भांडं परत केलंय?"

त्यात टोमणा नव्हता. खरं होतं ते तिने सांगितलं.

मुलाने जाण्यापूर्वी आईच्या दुकानाच्या पानावर 'दुकान बंद आहे' असं लिहून टाकलं. फोन बंद करू का, असं मला विचारलं. मी नको म्हणालो. का नको, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी दोन फोन चार्जिंगला लावत होतो, एवढंच.

मार्गशीर्षात एका सकाळी तिचा फोन वाजला. लेखी मेसेज नव्हता, आवाज होता. पुरुषाचा, म्हातारा, सावकाश बोलणारा. "ताई, लय दिवस झाले, तुमचा काही आवाज नाही. तब्येत बरी हाय ना? गुडघा कसा हाय?"

मी खुर्चीत बसलो. कुठला गुडघा?

त्या आवाजाच्या वर आणखी आवाज होते. मी वर सरकत गेलो आणि तीन वर्षं मागे पोचलो. आधी फक्त तिचे ऐकायचे, असं ठरवलं होतं. त्याचे गाळायचे. ते जमलं नाही. ती मध्येच हसायची, आणि त्या माणसाचं वाक्य ऐकल्याशिवाय ती का हसली ते कळायचं नाही. तिचं हसणं हवं असेल तर मला त्यालाही ऐकावं लागत होतं.

तो अमरावतीचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. बायको वारलेली. ती आमच्याच किनाऱ्यावरची, मुरूडची. "पस्तीस वर्षं वालाचं बिरडं खाल्लं ताई, पण ते होते कसं, हे एकदाबी उठून नाही पाहिलं," असं त्याने पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं होतं. त्याला ते एकदा स्वतः करून पाहायचं होतं.

"दादा, घाई करू नका," ती सांगत होती. "दाणा चिमटीत धरायचा आन हळूच दाबायचा. आपसूक बाहेर उडतो."

"ताई, सालटं निघूनच नाही राहिलं. दाण्याचा पार चेंदा होऊन राहिला."

"पहिल्यांदा होतंय. तो चेंदा फेकू न्हाय, आमटीत जातो."

मग पुढच्या शनिवारी, "ताई, आज एक दाणा उडून थेट आमच्या मंडळीच्या फोटोवर जाऊन चिकटला. हसल्यावानी वाटली."

"मंग बरोबर सोललंत," ती म्हणाली, आणि हसली. ते हसणं मी ओळखलं. त्याच्यावरच मी दार लावून घेतलं होतं.

पुढे ते शनिवारी दुपारी फोनच करू लागले असावेत. फोनवरचं बोलणं कुठे साठत नाही. अधूनमधून राहिलेलं एखादं वाक्य तेवढं मेसेजमध्ये सापडतं. डबा मिळाला. मुगवड्या मिळाल्या. त्या वड्या तो स्वतः गच्चीवर वाळवून डब्यात भरून पाठवायचा. मला त्या वड्यांची आमटी आठवली. मी ती मागून घेतली होती, दोनदा. अशा वड्या तू पूर्वी करत नव्हतीस, असंही म्हटलं होतं. ती म्हणाली होती, "आवडल्या ना? मग झालं." मी एका परक्या माणसाच्या हातचं जेवून माझ्या बायकोचं कौतुक करत होतो.

गुडघ्याचंही त्यात होतं. तिला पाटावर बसवेनासं झालं होतं. त्याने खडं मीठ भाजून कापडात बांधून शेकायला सांगितलं होतं. चुलीजवळ ती मिठाची पुरचुंडी मी वर्षभर पाहत होतो. वालांना ओल लागू नये म्हणून ठेवली असेल, असं मला वाटायचं. पाट जाऊन पडवीत खुर्ची आली तेही पाहिलं होतं. कारण विचारलं नव्हतं.

"सरांना सांगितलं काय गुडघ्याचं?" त्याने विचारलेलं.

"सांगीन की. पुस्तकातनं मान वर केली की सांगीन."

हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं. त्यात राग शोधला. राग असता तर बरं वाटलं असतं. ती चहात साखर घालावी तितक्या सहज बोलत होती.

हेवा आणि मत्सर यांतला फरक मी नववीच्या मुलांना दरवर्षी सांगायचो. दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही मिळावं असं वाटणं हा हेवा. त्याच्याकडे ते राहू नये असं वाटणं हा मत्सर. त्या मार्गशीर्षात मला दोन्ही एकदम झालं. त्याच्याकडे तिचा आवाज होता, तीन वर्षांचा. माझ्या फोनमध्ये तिचं एक अक्षर नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला कोण मेसेज पाठवतं? ती मला हाक मारायची, आणि हाक साठवून ठेवता येत नाही. शिवाय त्याच्यासाठी ती अजून जिवंत होती. गुडघा दुखत असेल, कामात असेल, बहिणीकडे गेली असेल. मी त्याला काहीच कळवलं नाही. तो दुःखी होईल म्हणून नव्हे. तो दुःखी झालेला मला नको होता. ते दुःख माझं होतं.

तो दर आठवड्याला विचारत राहिला. एकदा म्हणाला, "ताई, दुकान बंद केलं काय? तुमचा डबा माझ्याकडे पडून हाय." तेव्हा मी बोटाने एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'वाल संपले आहेत.' तिच्या फोनवरून, तिच्या नावाने. हे मी केलं. नंतर लगेच तोंड धुतलं, इतकं आठवतं.

"बरं ताई," तो म्हणाला. "मंग डबा भरून पाठवतो. मुगवड्या करतो थोड्या."

मला डबा हवा होता. वड्या नको होत्या. तिच्यासाठी वाळवलेल्या वड्या मी खाणार नव्हतो, टाकणारही नव्हतो. मी लिहिलं, 'सध्या घाई नाही.'

यावर दोन दिवस काही आलं नाही. मग आलं ते असं. "ताई, तुम्ही लिहून काऊन राहिल्या? तुम्ही तर कधी लिहीत नव्हत्या." मागे कुठे तरी शिट्टी होत होती कुकरची. "सर, तुम्ही हाय काय?"

दिवसभर मी त्या फोनकडे गेलो नाही. वाडीत जाऊन पडलेल्या झावळ्या गोळा केल्या, त्या आधीच गोळा केलेल्या होत्या. संध्याकाळी लिहिलं, 'होय. ती आश्विनात गेली. डबा माझ्या नावाचा आहे, तेवढा पाठवावा.' पत्ता त्याच्याकडे होताच.

उत्तर आलं नाही. फोन आला नाही. मला वाटलं होतं तो रडेल, आठवणी सांगेल, आणि मग मला त्याचा हक्काने राग करता येईल. त्याने तीही सोय केली नाही.

पंधरा दिवसांनी कुरियर आला. खोक्यात वर्तमानपत्रं, त्यात जुन्या सुती धोतराचं फडकं, आणि फडक्यात डबा. मी उचलला तेव्हाच वजन कळलं. तरी पोटाशी धरून झाकण काढलं. आत काही नव्हतं. वडी नाही, दाणा नाही, साखर नाही, चिठ्ठी नाही. चिंचेने घासून लख्ख केलेला रिकामा डबा.

पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या लिहिण्याचा त्याला राग आला. तेवढा पाठवावा म्हटलं, त्याने तेवढाच पाठवला. मग शेजारणीची साखर आठवली आणि मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. त्याच्या घरात मुरूडची बाई पस्तीस वर्षं नांदली होती. कुठलं भांडं कधी रिकामं द्यायचं हे त्या घराला माहीत होतं. तो सुतक पाळत होता. तिचं.

इतका संताप मला दवाखान्यातही आला नव्हता. सुतक भावकीला लागतं. हा कोण? एक गिऱ्हाईक. दोन किलो वालांचं गिऱ्हाईक. कोणत्या नात्याने याच्या घरातलं भांडं रिकामं निघतं? सुतकाच्या घरातून मी भांडं साखर घालून परत करत होतो, आणि अमरावतीच्या त्या माणसाला मात्र बरोबर काय करायचं ते कळत होतं. डबा मी फळीवर ठेवला, नाव भिंतीकडे करून. आठ दिवस तो तसाच होता.

मडक्यात तिचे वाल अजून थोडे होते. तिने राख लावलेले, शेवटचे. या वर्षी शेत रिकामं राहिलं, मला पेरणं जमलं नाही. बियाण्यापुरते दोन मुठी बाजूला काढून गुरुवारी उरलेले भिजत घातले. काही ठरवून नव्हे. शुक्रवारी फडक्यात बांधले, त्या धोतराच्याच, कारण घरात धुतलेलं दुसरं फडकं सापडलं नाही. शनिवारी दुपारी मोड आले होते, बारीक, पांढरे. मी पडवीत तिच्या खुर्चीवर बसलो, कोमट पाण्याची परात मांडीवर घेतली आणि सोलायला लागलो. दाण्याचा चेंदा झाला. दुसऱ्याचाही झाला. पहिली मूठभर तशीच गेली. मोड आलेले वाल ठेवून देता येत नाहीत. त्याच दिवशी सोलावे लागतात, नाहीतर आंबूस वास मारतो. तिच्या हातचे शेवटचे वाल माझ्या हातात वाया चालले होते.

आवाज फोनमध्ये होते. ते ऐकून करता आलं असतं. पण त्यात चिमटी होती, घाई करू नका होतं, आणि पाण्याचं काहीच नव्हतं. पाण्याचं ती त्याला फोनवर बोलली असणार. मी तिचा फोन उचलला आणि तो नंबर लावला.

त्याने लगेच घेतला. "बोला सर."

"दाणे फुटतात," मी म्हणालो.

"पाणी कोमट हाय काय?"

"आहे."

"किती कोमट?"

"कोमट म्हणजे कोमट."

"तसं नाही ना सर. ताई म्हणत, पाळण्यातल्या लेकराला चालंल तेवढं."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या मुलाला ती ज्या पाण्याने न्हाऊ घालायची त्या पाण्याविषयी ती त्याच्याशी बोलली होती. मी परात बाजूला ठेवली. उठून पाणी बदललं, मनगट बुडवून पाहिलं. पुन्हा बसलो. फोन तिच्यासारखाच शेजारी ठेवला. तिकडेही परातीचा आवाज आला.

"तुम्हीपण सोलताय?"

"शनिवार हाय न. माझ्याजवळचे हे आखरीचे."

माझा एक दाणा अख्खा निघाला. मग आणखी एक.

"सर, डबा भेटला ना?"

"मिळाला."

"मंग?"

"भरून पाठवीन," मी म्हणालो. "पण वेळ लागेल. तुमचा मला अजून राग येतो."

"येऊ द्या," तो म्हणाला. "मलेबी येत होता. तीन वर्षं डबा घासता घासता तुमचंच नाव वाचत होतो. म्हणलं, पाहा, याची बायको बाजूच्या खोलीत हाय, आन हा पुस्तक वाचून राहिला."

परातीत अजून निम्मे वाल होते. मागे मधलं दार उघडंच होतं. ते लावायला आता कुणी नव्हतं. मी पुढचा दाणा घेतला.